गयेला सोडलेला समुद्र

डोळा नेमका कधी लागतो ते मुकुंदराव टिपणीसांना कधीच कळत नाही. आत्ता ते पडवीतल्या कापडी खुर्चीत रेललेत. समोर नील बेटाचं उथळ, हिरवं पाणी. पापणी खाली येते तरी पाणी दिसतंच. बाहेरचं पाणी, आतलं पाणी, मधे नुसती पापणी. आणि तीही आता विरघळायला लागलीय.

मागे, खोलीच्या दारात, ऋता. त्यांची मुलगी. मोबाइलवर बोट फिरवत उभी.

"बाबा, आज इथली शेवटची संध्याकाळ. कुठे जेवायचं?"

"तुला आवडेल तिथे. तू मस्त शेवंड मागव, तांबोशी मागव. मी आपला वरण-भात."

"मग मीपण वरण-भात."

"अगं, अंदमानात येऊन वरण-भात?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

रोज हेच. पोर्ट ब्लेअरला हेच, बोटीवर हेच. असं का, ते सांगायला हवं.

शरयू, म्हणजे मुकुंदरावांची बायको, गेली तेव्हा ते धाकट्या भावाला घेऊन गयेला गेले होते. पिंड देऊन झाले की तिथला पंडा विचारतो, गेलेल्या माणसाच्या नावाने काय सोडता? एखादं फळ सोडा, एखादी भाजी सोडा. सोडलेलं पुन्हा जन्मात तोंडात घालायचं नाही. शहाणी माणसं घरून ठरवूनच जातात. धाकट्याने शेपू सोडली, जी त्याने आधीही कधी खाल्ली नव्हती, आणि हात पुसून मोकळा झाला. मुकुंदरावांनी फळ नाही, भाजी नाही, मासे सोडले. सगळे. पापलेटापासून सुक्या सोड्यांपर्यंत. भाऊ घाईघाईने कानाशी लागला, "दादा, अरे नुसतं पापलेट म्हण, बाकीचे तरी उरतील." तोवर हातावरून पाणी सोडून झालं होतं.

आता शरयू म्हणजे हे पाळणं. फोटोचा हार बदलायचा राहून जातो. तिचा आवाज आठवायला गेलं तर नुसते ओठ हलताना दिसतात. पण ताटात मासा नाही, हे दोन्ही वेळच्या जेवणाला आठवतं. ते मोडलं तर तिच्यासाठी करण्यासारखं त्यांच्याकडे काहीच उरत नाही.

आणि ऋता? तिने कुठल्याच पंड्यासमोर काही सोडलं नव्हतं. ती फक्त वडिलांसमोर मासा खात नाही. राहते वडिलांबरोबरच. म्हणजे तिचंही सुटलंच.

"पडा जरा," ऋता म्हणते. आवाज लांबून येतो, पाण्यावरून आल्यासारखा. "चहाच्या वेळी मी उठव

"उठा, अहो. जागा मिळायची नाही मग."

शरयू. फुलाफुलांची सुती साडी, डोक्यावर सहलीची खाकी टोपी, खांद्याला पर्स. ती या जगात नाही हे त्यांना माहीत आहे. ते चपला घालून निघतात तेव्हा ते माहीत असणंही बरोबर येतं, पण मागून मागून, न बोलता.

किनाऱ्याने हॉटेलांची रांग लागते. पहिल्याच्या दारात काचेची टाकी, टाकीत मासे गरगर फिरताहेत.

"इथे बसू या?" ते विचारतात.

"इथला मासा बघायचा असतो हो. खायला घालतात तो मागे बर्फात पडलेला असतो."

"तुला काय माहीत?"

"मी कुठेही गेले की आधी मागे जाते. विसरलात?"

विसरले नाहीत. मालवणात, दिवेआगरला, शरयू हॉटेलात शिरायची ती सरळ स्वयंपाकघरात. टोपलीतला मासा उचलायची, कल्ला उघडून बघायची, नाक लावायची. मासळीचा वास आला तर परत फिर. समुद्राचा आला तर बस. मुकुंदराव आणि लहानगी ऋता दारात ओशाळून उभी.

आताही ती एका हॉटेलच्या मागच्या दाराने आत जाते. भली मोठी तांबोशी उचलते, अंगठ्याने कल्ला उघडते. आत लाल. ओलं, खोल लाल. ती वाकून बघते, म्हणते, "ताजी आहे, या," आणि टोपी सांभाळत त्या लालातून आत शिरते. तेही शिरतात.

पलीकडेही वाळूच. पण समुद्र नाही. ही गयेची फल्गू नदी, कोरडी ठाक. घाट, कावळे, आणि वाळूत मांडलेली हॉटेलची टेबलं. खांद्यावर फडकं टाकून पंडा वेटरसारखा उभा.

"बसा," शरयू म्हणते. "हे माझं रोजचं."

ताटं येतात. हिरवी चटणी भरलेलं पापलेट. सोड्यांची खिचडी. बांगडे, कालवं, कोळंबी. खोलगट वाडग्यात, रश्श्यात बुडालेलं तांबोशीचं डोकं. पंडा आणतोय, ठेवतोय. टेबल भरतं, मग तो वाळूवर ठेवतो.

"हे सगळं काय?"

"तुम्ही सोडलेलं. सगळं पोचतं. भावजींची शेपूसुद्धा आली होती. कावळ्यांनीही घेतली नाही."

ते हसतात. "तू नेहमी डोकं घ्यायचीस. चांगल्या तुकड्या आम्हाला. मला वाटलं, आता तरी तुला..."

"अहो, डोकं मला आवडायचं म्हणून घ्यायचे! सगळ्यात गोड तेच. तुम्हा बापलेकीला कळलं नाही, हे माझं नशीब." ती वाडगा पुढे ओढते. पण खात नाही.

"मग खा ना."

"शेजारी कोण बसतं?"

कावळे उडतात, परत बसतात.

"सगळ्यांना वाढून मी शेवटी बसायचे," शरयू म्हणते. "तुमचं झालेलं असायचं, पण तुम्ही उठायचा नाहीत. खरकटा हात वाळून जायचा, तरी बसून राहायचात. म्हणून दोन घास जायचे. आता ताट येतं. माणूस येत नाही."

मुकुंदराव आपला उजवा हात बघतात. स्वच्छ. कोरडा.

"आणि तिच्याजवळ कोण बसतं?" शरयू विचारते.

"ऋताजवळ? मी बसतो की. रोज."

"बसता. म्हणूनच ती मागवत नाही."

टेबल तेच आहे, फक्त आता ते ठाण्याच्या घरातलं आहे, वर पंखा फिरतोय आणि तिसऱ्या खुर्चीवर ऋता मान खाली घालून वरण-भात कालवतेय. तिला हे दोघं दिसत नाहीत. चपलांखाली मात्र अजून वाळू.

"बाजारात कोळणींच्या पाट्यांपाशी ती हळू चालते," शरयू म्हणते. "तुम्ही पुढे असता. तुम्हाला दिसत नाही."

"म्हणजे मोडू म्हणतेस?" त्यांचा आवाज चढतो. "मग मी तुझ्यासाठी काय करायचं? सांग ना. माझ्याजवळ दुसरं काही नाहीये, शरयू."

ती टोपी काढून मांडीवर ठेवते. केस तसेच, शेवटच्या दिवसांतले, विरळ.

"काही मोडू नका. तुम्ही सोडलंत, मला पोचलं. म्हणजे माझं झालं की नाही?"

"झालं."

"मग माझ्या ताटातलं मी कुणाला वाढायचं, ते हा पंडा ठरवणार?"

पंडा फडकं झटकतो आणि दुसऱ्या टेबलाकडे बघतो.

ती भात कालवते. तांबोशीच्या डोक्यात बोट घालून गालातला कवडीएवढा तुकडा हळूच सोडवते. "हा मी जन्मात कुणाला दिला नाही," ती म्हणते आणि घास पुढे करते.

मुकुंदराव ओठ मिटून बसतात. तोंड उघडलं की ती जाईल. हे कुणी सांगितलेलं नाही, पण त्यांना ते कळतं. ती हात मागे घेत नाही. रस्सा तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळतो.

"हात दुखतोय हो."

ते तोंड उघडतात.

आमसूल. खोबरं. तिखट. मग गोड, मग इतकं गोड की डोळे आपोआप मिटतात. "सावकाश," शरयू कुठून तरी म्हणते, "एखादा काटा असेल, बघा ह

"बाबा. बाबा, चहा."

पडवी. ऊन उतरलंय. भरती ओसरून पाणी लांब गेलंय, प्रवाळांचे काळे खडक उघडे पडलेत. ऋता कप घेऊन उभी. मुकुंदराव बोलायला जातात आणि थांबतात. जीभ दाढेपाशी अडते.

"काय झालं? दात दुखतोय?"

ते मान हलवतात. ऋता कप खाली ठेवते. "आ करा," म्हणते. उजेडाकडे त्यांची हनुवटी वळवते, दोन बोटं आत घालते, चिमटीत धरून ओढते.

माशाचा काटा. बारीक, जरासा वाकलेला, ओला.

तळहातावर ठेवून ती बघत राहते. मग वडिलांकडे बघते.

"तुम्ही मासा खाल्लात."

"हो."

"केव्हा? माझा डोळा लागला तेव्हा?" आवाज चिडका व्हायला निघतो आणि मधेच ओला होतो. "मला टाकून, एकटे जाऊन जेवून आलात?"

"एकटा नव्हतो गं," मुकुंदराव म्हणतात. "पुढच्या वेळी तुला घेऊन यायला सांगितलंय."

कुणी, ते ऋता विचारत नाही. ती काट्यावर मूठ मिटते, टोचेल इतकी घट्ट.