अकरा ते एक

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. भावाला नाही, आणि ज्या शेजारणीला गेली तीस वर्षे सगळे सांगत आले, तिलाही नाही. उद्या सकाळी मात्र ते सांगायचे आहे. त्याआधी एकदा तुमच्यासमोर क्रमाने मांडून पाहते. क्रमाने मांडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. तेहेतीस वर्षे भूमिती शिकवली, त्याचा हा परिणाम. पक्ष, साध्य, सिद्धता. आधी दिलेली माहिती लिहावी, मग काय सिद्ध करायचे ते, आणि मग एकेक पायरी कारणासह. पायरी गाळायची नाही, असे मी मुलांना बजावत असे.

तर दिलेली माहिती अशी.

प्रज्ञा माझी भाची; माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची, एकुलती एक मुलगी. लांब पल्ल्याची धावपटू. तिचे छायाचित्र तुम्ही वर्तमानपत्रात पाहिले असेल. शर्यत जिंकलेली आहे, मागे लोक उड्या मारत आहेत, आणि ही हात वर करायचे सोडून मनगटावरच्या घड्याळात वेळ बघते आहे. मिलिंद खडकीला कारखान्यात आहे. त्यांच्या वसाहतीच्या फाटकावर तिच्या अभिनंदनाचा फलक लागला होता. तो अजून तिथेच आहे, उन्हाने फिकटलेला. एकसष्ट दिवसांपूर्वी पहाटे, सरावाला धावत असताना, एका टँकरने तिला मागून धडक दिली. तेव्हापासून ती शुद्धीवर नाही. एकवीस दिवस अतिदक्षता विभागात होती. मग श्वास स्वतःचा स्वतः घेऊ लागली, म्हणून तिला दुसऱ्या मजल्यावर दोन खाटांच्या खोलीत हलवले.

बाविसाव्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतले. घरच्यांनी रोज ठरलेल्या वेळी तिच्याशी बोलत राहावे, म्हणाले. ओळखीचे आवाज, ओळखीचे विषय. ती ऐकते की नाही हे आज कोणीच सांगू शकत नाही, तेव्हा ऐकते असे धरून चालायचे, आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचे.

लिहून ठेवायचे म्हटल्यावर सगळे माझ्याकडे पाहू लागले. तासाभरात मी दोनशे पानी वही आणून पट्टीने रकाने आखले — तारीख, वेळ, कोण, काय बोलले, सुरुवातीची नाडी, शेवटची नाडी, सही. वेळापत्रकही मीच केले. सकाळी आठला, कामावर जाण्याआधी, मिलिंद. अकरा ते बारा मी. बारा ते एक कुसुम, म्हणजे प्रज्ञाची आई. संध्याकाळी पुन्हा मिलिंद. पोरगी बेचाळीस किलोमीटर धावते, आपल्याला तर नुसते बसून बोलायचे आहे, असे मिलिंद म्हणाला, आणि तो विषय तिथे संपला. त्यानंतर आमच्या घरात कोणी एकही तास चुकवलेला नाही. वही बघा — एकही जागा रिकामी दिसणार नाही.

रिकामी दिसणार नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. त्याकडे येतेच.

आधी कुसुमबद्दल. ती मांजरी गावची. शाळा सातवीपर्यंत. तिच्या तासाला मी कधीकधी खोलीच्या कोपऱ्यात बसत असे. खाटेशी बसली की आधी त्रिशरण म्हणायची, आणि मग एकदम मांजरीत पोचायची. तिच्या भावाची म्हैस दावे तोडून उसात शिरली, ती सापडेना, कोणी म्हणे नदीकडे गेली, कोणी म्हणे शेजाऱ्याने बांधून ठेवली, मग शेजाऱ्याशी भांडण, मग शेजाऱ्याच्या सुनेचे बाळंतपण, आणि म्हैस अजून बेपत्ताच. हे रोज थोडे थोडे. मध्येच प्रज्ञाला विचारायची, तुला काय वाटतंय गं बाळे, कुठं गेली आसंल? आणि उत्तर मिळाल्यासारखी पुढे बोलू लागायची. मला ते — खरे सांगते — अघळपघळ वाटे. बोलण्याला काही विषय असावा, असे वाटे.

माझ्या तासाला मी विषय नेमला होता पत्रवाचन. प्रज्ञाला शाळांमधून पिशव्या भरभरून पत्रे येत होती. ती क्रमाने वाचायची, रोज तीन. योजना चांगली होती ना? पहिल्या दिवशी मी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "प्रज्ञा." आणि थांबले. का थांबले? माझी सवयच तशी आहे. हाक मारली की मी ओ येईपर्यंत थांबते. ओ आली नाही. पडद्यापलीकडे दुसऱ्या खाटेवरच्या आजी होत्या, त्यांची सून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली होती. तिची बोटे क्षणभर थांबली. आणि मला माझ्या आवाजाची लाज वाटली. साठ-साठ मुलांपुढे उभी राहिलेली मी — कोणी ऐकत नसताना बोलायचे, तेही परक्यांच्या कानावर पडत असताना, हे मला जमेना. उद्या बोलू, असे ठरवले. बाराला वहीत लिहिले: पत्रवाचन, तीन पत्रे. सही केली.

आता पायरी आली. ती मी गाळत नाही.

मी उद्याही बोलले नाही. त्यानंतरही नाही. एकोणचाळीस दिवस मी त्या खुर्चीवर बसले आणि एक शब्द बोलले नाही. रोज तीन पाकिटे कात्रीने व्यवस्थित उघडायची, कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घालायचा, कागदाच्या घड्या न उलगडता ती बाजूला ठेवायची. वहीत तीन पत्रे. सही. शाळेत एखाद्याने न घेतलेला तास टाचणवहीत भरला, तर मी त्याला शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सुनावत असे. ती मी. मिलिंद संध्याकाळी विचारायचा, आज कुठली पत्रे होती? मी सांगायचे — सोलापूरच्या एका मुलीचे होते, नाशिकच्या एका वर्गाचे होते. पाकिटावरचा शिक्का तेवढा मी वाचलेला असे.

इथवर ही माझी एकटीची लबाडी होती. पुढचे तसे नाही.

वही सुरू झाल्यावर बारा दिवसांनी मिलिंदने ती उघडून नाडीचे रकाने वाचले. माझ्या तासाला नाडी सुरुवातीला जेवढी, शेवटीही तेवढीच. कुसुमच्या तासाला ती चढायची; रोज नाही, पण बऱ्याचदा. आम्ही नोकरदार माणसे. स्थिर आकडा म्हणजे चांगला आकडा, असे आमच्या हाडात मुरलेले. मिलिंद म्हणाला, ताईचा आवाज तिला निवांत करतो. खोलीत माझा आवाजच नव्हता, हे फक्त मला माहीत होते. कुसुम ऐकत होती. तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ताई, तुमच्यापाशी ती निवांत ऱ्हाती," ती म्हणाली. "माझ्या बडबडीनं तिचं काळीज धडधडतंय. माझा तास बी तुमीच घ्या. मी भाईर बसते."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? एक वाक्य पुरेसे होते. मी म्हणाले, बरं. वेळापत्रकात अकरा ते बारा खोडून अकरा ते एक केले, आणि अक्षर नीट यावे म्हणून पट्टी ठेवून लिहिले.

त्या दिवसापासून कुसुम बाहेरच्या बाकावर बसू लागली. दाराच्या काचेतून तिचा पदर दिसायचा; दार लावले की आतले साधे बोलणे बाहेर ऐकू येत नसे. आत मी दोन तास गप्प, बाहेर ती दोन तास गप्प. मध्ये प्रज्ञा.

आणि अजून एक पायरी आहे. खरे तर तीच मुख्य.

अपघातानंतर अडतिसाव्या दिवशी डॉक्टर तपासायला आले तेव्हा खोलीत मी एकटीच होते. त्यांनी वही मागितली, मागची पाने चाळली आणि कुसुमच्या रकान्यावर बोट ठेवले. "हे बघा, या आईंच्या वेळेत बदल दिसतो आहे. आम्ही असाच बदल शोधत असतो. याचा अर्थ आत्ता काढू नका, पण त्यांना बोलू द्या. जास्त बोलू द्या. आपण त्यांना सांगाल ना?"

मी मान हलवली.

आणि सांगितले नाही. तेवीस दिवस. कारण सांगितले असते तर कोणीतरी पुढे विचारले असते — मग तुमच्या तासाला बदल का नाही? हा एक प्रश्न टाळण्यासाठी मी एका आईचे बोलणे तेवीस दिवस बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले. त्या तेवीस दिवसांत कुसुमच्या आवाजाने काय झाले असते, हे मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. कदाचित काही झाले नसते. पण हे 'कदाचित' माझ्या बाजूने वापरण्याचा अधिकार मला नाही. सिद्धतेत ते चालत नाही.

आज सकाळी काय झाले ते सांगते. मी नेहमीप्रमाणे पहिले पाकीट कापत होते. पडदा थोडा सरकला आणि ती सून डोकावली.

"मॅडम, एक विचारू? त्या काकू आता आत येत नाहीत का? आमच्या सासूबाई रोज विचारतात, म्हैस सापडली का म्हणून. स्टोरी अर्धीच राहिली ना."

मी पाकीट कापत राहिले.

"मला तर तुमचंच बरं पडतं," ती हसून म्हणाली. "तुम्ही काही बोलतच नाही, माझ्या मीटिंग्ज शांतपणे होतात."

तिच्या मनात काही नव्हते. पडदा पुन्हा सरकला. म्हणजे ही परकी मुलगी सगळे दिवस जाणत होती. आणि पलीकडे निजलेल्या त्या आजी, ज्यांना मी मनातल्या मनात ऐकणारे कोणी म्हणून मोजलेच नव्हते, त्या इतके दिवस म्हशीची वाट बघत होत्या. ऐकते कोण आणि ऐकत नाही कोण, हे मी कशावरून ठरवले होते?

मी पत्र उलगडले. मोठ्याने वाचले. पलीकडे ऐकू जाईल इतके मोठ्याने. पत्र सातवीतल्या एका मुलीचे होते. तिने लिहिले होते, ताई, पळताना तुम्ही मनात काय मोजता? मी रस्त्यावरचे खांब मोजते, पण खांब संपले की काय मोजायचे? हा प्रश्न प्रज्ञासाठी होता. मी वाचून थांबले, सवयीप्रमाणे. ओ आली नाही. या वेळी मी पुढचे पत्र उचलले. मग तिसरे. मग आधीच्या दिवसांची, पेन्सिलने क्रमांक घातलेली, पहिल्यापासून. एक वाजेपर्यंत घसा बसला. काचेपलीकडे पदर हलला. कुसुम कान देऊन ऐकत असावी. वहीत लिहिले: पत्रे एकवीस. नाडी तेवढीच. काही दिसले नाही. ही माझी पहिली खरी नोंद.

घरी येऊन वही पुन्हा उघडली. चुकलेली पायरी रबराने खोडायची नाही, असे मी मुलांना शिकवत असे. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. एकोणचाळीस नोंदींवर एकोणचाळीस रेघा मारल्या. प्रत्येकीपुढे लिहिले, 'बोलले नाही', आणि सही केली. अडतिसाव्या दिवसाच्या पानावर डॉक्टरांचे वाक्य लिहिले, त्यांनी उच्चारले तसे, आणि खाली: 'हे मी कुसुमला सांगितले नाही.'

उद्या अकराला वही कुसुमच्या हातात देणार आहे. ती सावकाश वाचते, एकेका शब्दावर बोट ठेवून. तिचे वाचून होईपर्यंत मी समोर उभी राहणार आहे. त्यानंतर ती मला काय म्हणेल, मिलिंद काय म्हणेल, ते त्यांचे.

वेळापत्रकही नवे केले आहे. अकरा ते एक, कुसुम. माझ्या नावापुढे वेळ लिहिलेली नाही. त्या दोन तासांत बाहेरच्या बाकावर मी बसेन.