जावयाची बंदूक, सासऱ्यांचं काडतूस

धोंड्याच्या महिन्यात जावयाला कोणी 'नाही' म्हणत नाही. माझ्यासारख्या माणसाला ही प्रथा फार मानवते. त्या अधिकात जळगावहून धुळ्याकडच्या सासुरवाडीला निघालो, तेव्हा मिरवायला बारा बोअरची बंदूक खांद्यावर घेतली आणि काडतुसांची पेटी घरी विसरलो.

सासऱ्यांच्या भुईमुगात रानडुकरं घुसत होती. दुपारी जेवता जेवता मी जाहीर केलं, "आजच बंदोबस्त करतो." सासूबाई म्हणाल्या, अधिकात हत्या नको, नुसता बार काढा. बरंच झालं, माझा नेम कसा आहे ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी बांधावर उभं राहून मेहुण्यापुढे हात केला. "दे काडतूस."

"दाजी, हाई बारीक शे. आमनी बंदूकनं शे, वीस बोअरनं."

"मला शिकवतोस?"

जावयापुढे तो काय बोलणार! दिलं. काडतूस नळीत असं सर्रकन गेलं की वाटलं, काय गुळगुळीत बंदूक आहे आपली! चाप ओढला. खट्! भुईमुगातल्या डुकराने मान वर करून मला न्याहाळलं आणि पुन्हा शेंगांना लागलं. बंदूक उघडून पाहिली, तर नळीच्या मागच्या तोंडाशी काहीच नाही. म्हटलं, भरायलाच विसरलो की काय! तेवढ्यात कोटाच्या खिशात माझंच एक जाडजूड काडतूस सापडलं. ते आत सारणार, तोच मनगटावर फटका बसला. मागे सासरे, आबा. लग्नापासून 'या जावईबापू, बसा' यापलीकडे माझ्याशी न बोललेले.

"थांब, गधडा! पहिलं नळीमाच अडकेल शे! हाई भरशी तर नळी फुटी, तुनं थोबाड उडी जाई, मन्ही पोर..."

बोलता बोलता त्यांनी बंदूकच माझ्या हातातून काढून घेतली.

वीस बोअरचं ते बारीक काडतूस माझ्या बारा बोअरच्या रुंद नळीत पुढे सरकून बुचासारखं बसलं होतं. मेहुण्याने वेळूच्या काडीने ते हळूच मागे ढकलून काढलं. डुक्कर तोवर निवांत चरत होतं.

घरी आबा ओशाळून उभे. अधिकात जावयावर हात उगारला, वर गधडा म्हटलं! "चुकी झाई, जावईबापू."

"आबा, गधडाच बरं. तिथे तुम्ही 'बापू, बापू' करत बसला असता, तर मी आता जेवायला नसतो."

आबांनी माझ्यापुढे पाट सरकवला.

"मंग जेव, गधडा."

बंदूक मिरवणाऱ्या माझ्या हातातून तुपातला पुरणाचा धोंडा दोनदा ताटात पडला.