ब्राझीलचं साळिंदर खंदकात

"काटे आहेत ना? मग साळिंदरच. टाका खंदकात."

साहेबांनी खोक्यात धड वाकूनही पाहिलं नाही. ते परळच्या आमच्या छोट्या प्राणिबागेचे सुपरिंटेंडेंट, मी तिथला जनावरांचा डॉक्टर. बोटीने ब्राझीलहून आलेलं ते जनावर खोक्याच्या जाळीला लटकून बसलं होतं, शेपटी तारेला गुंडाळून.

"साहेब, ही शेपटी बघा. हे झाडावर राहतं. आपलं साळिंदर जमिनीत बीळ करतं. दोघांची फॅमिलीच वेगळी."

फॅमिली म्हणजे कूळ. दोन्ही उंदराच्या गोतातली, दोघांनाही काटे; पण तेवढ्याने कोणी सख्खं होत नाही. याचा मुलूख व्हेनेझुएलापासून ब्राझील-बोलिव्हियापर्यंतची जंगलं. तिथे ते फांदीवर खातं, फांदीवरच झोपतं. मला एक उंच पिंजरा आणि चार फांद्या हव्या होत्या.

"डॉक्टर, कुठलं का असेना, काय फरक पडतो?"

माझं डोकंच फिरलं. साहेबांच्या खुर्चीमागे नकाशा टांगलेला होता. बेळगाव, निपाणी, कारवार. तांबड्या पेन्सिलीने एकेका गावाला त्यांनी स्वतः खूण केलेली. ही गावं महाराष्ट्रात यावीत म्हणून दादरला भरणाऱ्या सभेला ते हातातलं काम टाकून जात. मीही जायचो, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचो.

जनावर खंदकात गेलं. तिथली आमची दोन साळिंदरं पाठमोरी धावून काटे खुपसायची. हे बिचारं दाराच्या गजांना धरून राहिलं. पिंजरे सांभाळणाऱ्या सावंतांनी गजाला केळी बांधली, ती खालच्यांनी ओढून नेली.

"डॉक्टर, ह्यां उपाशी मरतलां," सावंत म्हणाले.

साहेबांच्या हुकुमाशिवाय जनावर हलवायची सोय नव्हती. मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो.

"सोमवारी बघू. आज सभा आहे."

सोमवारी ते दाराशी मरून पडलं होतं. मी फाडून पाहिलं. पोट रिकामं, कुशीत आमच्या साळिंदरांचे काटे.

"हवा मानवली नाही म्हणून लिहा," साहेब म्हणाले.

"नाही लिहिणार. आणि साहेब, बेळगाव कुठेही गेलं तर काय फरक पडतो?"

साहेब ताडकन उठले. "जीभ आवरा, डॉक्टर! तिथे आपली माणसं राहतात!"

"हेही कुठेतरी राहत होतं."

 पुढे उंच पिंजरा आला, सावंतांनी फांद्याही बांधल्या. ब्राझीलहून दुसरं जनावर मात्र कधी आलं नाही. साहेबांनी त्यात पोपट सोडले.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगतो: काटे सगळ्यांनाच असतात. जागा देताना आधी शेपटी बघा.