रोहिताच्या पायांचं माप

मापाडी मामांनी काठी घालून पाण्याची खोली कधी पाहिली नाही. ते पक्ष्यांचे पाय पाहत. दुसरबीडच्या पुढे धरणाच्या फुगवट्यावर ते मासे धरत. थंडीत समुद्रकाठचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे उतरले की मामा सांगत, "अर्धा पाय बुडला तर पानी गुडघाभर, पोट टेकलं तर मांडीभर. त्याच्याहून खोल तो उभाच राह्यत नाही." यावरूनच गावाने त्यांना मापाडी केलं.

रोहित पायांनी गाळ तुडवतो आणि डोकं उलटं करून खातो. मी तालुक्याचा बातमीदार. मामा मला काठावर बसवून हे तासभर दाखवत. डबा घेऊन आलेल्या मामी म्हणत, "पक्ष्यायले इचारून पान्यात उतरते हा मानूस. मले इचारून कधी घराभायेर पडला नाही."

"तुहे पाय कोठं तेवढे लांब हायेत?" मामा म्हणत.

एका उन्हाळ्यात पाणी आटलं, तेव्हा काठालगत कुणी वाळू उपसली. खड्डे तसेच राहिले. पावसाळ्यानंतर वरून सगळं सपाट दिसू लागलं.

त्या थंडीत एका सकाळी मामांच्या जाळ्यात रोहित अडकला. पंख आपटून आपटून थकला.

"माह्याच जाळ्यात बे," मामा म्हणाले. त्यांनी कमरेचा चाकू काढला.

"मामा, होडीवाल्यांना हाक मारतो, होडी येऊ द्या."

"तवर मरून जाईन तो. उभा हाय ना. पोट टेकलं. मांडीभर पानी."

तो उभा नव्हता. रोहित पोहतोही. मामांनी त्याला जन्मभर उथळातच पाहिलं होतं.

मामा छातीपर्यंत गेले, पुढच्या पावलाला दिसेनासे झाले. वर आले, पोहत पक्ष्यापाशी पोचले, दोरे कापू लागले. कापलेलं जाळं त्यांच्याच पायांना गुंडाळलं गेलं. मला पोहता येत नाही. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडीवाल्यांना ओरडत राहिलो. होडी दूर होती. थोड्या वेळाने पाण्यावर फक्त पक्षी दिसत होता.

होडीवाल्यांनी दोघांनाही आणलं. मामा गेलेले होते. रोहिताने दोनदा चोच उघडली, मग तोही गेला. त्याला आम्ही गवताआड ठेवलं.

मामी आल्या, मामांच्या उशाशी बसल्या. पक्ष्यापायी मामा पाण्यात उतरल्याचं त्यांना वाटेतच कळलं होतं. त्यांनी विचारलं, "सुटला का तो?"

न तपासलेली ओळ मी कधी छापायला दिली नव्हती.

"सुटला, मामी. उडाला."

"कोनीकडं?"

मी पाण्यापलीकडे हात केला. त्या तिकडे बघत राहिल्या.