गजभिये साहेबांची शिट्टी

कापडाच्या धंद्यात थान विकलं जातं आणि शेवटचा तुकडा उरतो. तो कोणी मुद्दाम जमवत नाही, तरी बघता बघता कपाट भरतं. आमच्या रग्बीच्या मैदानावरचे किस्से असेच साठत गेलेत. आता पाहुणा आला की चहाच्या आधी किस्सा येतो, आणि बायको आतून ओरडते, "अहो, त्यांना आधी बसू तर द्या!"

मी मूळचा इचलकरंजीचा. जयपूरच्या छपाईवाल्यांना कोरं कापड पुरवतो. दुकान चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, घर आदर्श नगरात. शाळेत फार रमलो नाही, जे काही शिकलो ते गादीवर बसून. रग्बी मात्र पोरीनं शिकवली. माझी ऋतुजा एक दिवस कॉलेजातून गुडघे फोडून आली आणि म्हणाली, "पप्पा, मतलब, मला राजस्थानच्या टीममध्ये खेळायचंय." झालं! तेव्हापासून रविवारची सकाळ मैदानावर.

* * *

पहिल्या दिवशी मला त्या खेळातलं ओ की ठो कळेना. कळली ती एकच गोष्ट, लाइनआऊट. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघांच्या मुली दोन रांगा करतात. पंगतीच्या दोन ओळींत वाढप्याला जायला जागा ठेवतात ना, तशी मध्ये एक मीटर फट. एक मुलगी रेषेवरून चेंडू आत फेकते, तिला हुकर म्हणतात. तो चेंडू त्या फटीतून नाकासमोर सरळ जायला हवा, म्हणजे दोन्ही रांगांना सारखी संधी. मग दोघी-तिघी मिळून आपल्यातल्या एकीला उचलून हवेत धरतात आणि ती वरच्या वर चेंडू झेलते.

आमची ऋतुजा हुकर. आणि रेफ्री गजभिये साहेब!

साहेब मूळचे वर्ध्याचे, रेल्वेत सिग्नलचे इन्स्पेक्टर. जयपूरला बदलून आले ते शिट्टी गळ्यात घालूनच. चेंडू जरा आपल्या रांगेकडे झुकला, शिट्टी. फट कमी झाली, शिट्टी. रांग लावायला वेळ लावला, शिट्टी. बायको पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती. थोडा वेळ बघून मला हळूच म्हणाली, "हा सामना आहे, का कुणी डाळ शिजायला लावलीय?"

* * *

त्या एक मीटर फटीचा किस्सा तर आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे.

मुलींचे कोच भंवरजी. साधा माणूस, शाळेत पीटी शिकवतो. साहेब फटीवरून सारखी शिट्टी वाजवतात म्हटल्यावर त्यांनी मलाच बोलावलं. "भाईसाहब, आप तो कपड़ेवाले हो. लड़कियों को एक मीटर दिखा दो."

आता मीटर म्हटल्यावर मला काय लागतं! हात पसरला, माती आखली, दगड ठेवले. मुलींनी आठवडाभर त्याच दगडांमध्ये सराव केला.

रविवारी मॅच सुरू झाली आणि पहिल्याच लाइनआऊटला शिट्टी! साहेबांनी खिशातून टेप काढली. रेल्वेचा माणूस, टेप खिशातच असते. फट मोजली आणि थेट माझ्याकडे आले.

"भाऊ, ही चार बोटं जास्त कुठून आली?"

मी म्हणालो, "साहेब, मीटरवर चार बोटं वर द्यायची सवय आहे हाताला. गिऱ्हाईक खूश होतं!"

टेप गुंडाळत ते म्हणाले, "ते दुकानात करा. इथं गिऱ्हाईक नाही, दोन्हीकडून वऱ्हाडीच हायेत, सारखंच वाढा!"

* * *

आमच्या खुणांचीही एक गंमत. चेंडू कुणाकडे जाणार हे हुकर सांकेतिक शब्दात ओरडून सांगते. भंवरजींनी आधी मिठाया ठरवल्या. घेवर म्हणजे पुढची मुलगी, फेणी म्हणजे मधली. दुसऱ्या संघाच्या मुलीही इथल्याच, दोन मॅचमध्ये सगळ्यांना घेवर कळलं.

मग ऋतुजानं डोकं चालवलं. "सर, मराठी शब्द घेऊ. इथं कुणाला कळणार?"

पिठलं, थालीपीठ, कोशिंबीर! आमची सगळ्यात उंच मुलगी किरण शेखावाटीची. पिठलं शब्द तिच्या तोंडात असा बसला, की घरी आईला करायला सांगितलं! सलग काही मॅच आम्ही प्रत्येक चेंडू झेलला. मी तर दुकानात सांगत सुटलो होतो, की मराठी शेवटी कामाला आली.

मग अजमेरचा संघ आला, आधी आमच्या दोन मॅच बघून. ऋतुजा ओरडली, "पिठलं!" आणि किरणच्या आधी त्यांची एक मुलगी हवेत! चेंडू झेलून खाली उतरली आणि गोड हसून म्हणाली,

"ताई, आमच्या घरी पण करतात. पप्पा अजमेरला रेल्वेत आहेत!"

* * *

संक्रांतीच्या दिवसांत जयपूरचं आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. असल्या दिवसांत मॅच ठेवूच नये, पण ठेवली.

लाइनआऊट लागला. ऋतुजानं चेंडू टाकला, किरणला दोघींनी वर उचललं. तेवढ्यात एक कटलेला पतंग डुलत डुलत तिच्याच डोक्यावर आला. पोरगी कितीही झालं तरी इथलीच. चेंडू गेला कानाजवळून आणि किरण खाली आली ती हातात पतंग घेऊन! सगळं मैदान "वो काटा!" म्हणून नाचायला लागलं. तिला उचलणाऱ्या दोघी पण!

साहेबांची शिट्टी वाजली. चेंडू समोरच्यांना.

भंवरजी हात जोडत गेले, "सर, ये कौन से नियम में लिखा है?"

साहेब शांतपणे म्हणाले, "नियम में लिखा है कि उछलना गेंद के लिए है. पतंग के लिए छत है."

* * *

हसलो खूप, पण मनात एक सल होता. माझं आणि साहेबांचं एका गोष्टीवर पटत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. हुकरची जागा रिकामी होती आणि दोघींची नावं पुढे होती, ऋतुजा आणि कोट्याची एक मुलगी. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या मैदानावर ऋतुजाच्या फेकीवर शिट्टीमागून शिट्टी! एका मॅचनंतर ती गाडीत रडायला लागली.

"पप्पा, गजभिये काकांना सांगा ना, थोडं सोडा म्हणून. बाकी रेफ्री सोडतात!"

मी चहाच्या टपरीवर साहेबांना गाठलं. मुद्दा तयार ठेवला होता. "साहेब, समोरचा संघ उडीच मारत नाही. चेंडू त्यांना नकोच आहे. मग आमची फेक वीतभर वाकडी गेली, तर कुणाचं काय बिघडलं? मोठ्या मॅचमध्ये पण आता सोडून देतात म्हणे. खेळ थांबत नाही, बघणाऱ्याला मजा येते."

साहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "गाडी येत नसंल, तर फाटक उघडंच ठेवू काय भाऊ?"

मी पण व्यापारी, इतक्यात ऐकतो होय! "साहेब, फाटकावर माणसं मरतात. इथं कोण मरतं?"

"बरं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक थान उलगडून बघत नाही, तवा आत फाटकं कापड ठेवता काय तुम्ही?"

"नाही! अजून कधी ठेवलं नाही."

"काऊन बरं? ते तर बघतच नाही!"

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि घरी आलो. ऋतुजानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "चहा चांगला होता."

* * *

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गच्चीवर निराळाच कारभार सुरू झाला. कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या मी जवळजवळ बांधून दिल्या, मध्ये बरोबर एक मीटर. या वेळी टेपनं मोजून! दोन्ही दोऱ्यांवर बायकोच्या साड्या. ऋतुजा लांबून त्या मधल्या फटीत चेंडू टाकायची. चेंडू साडीला लागला की वाकडी फेक.

सुरुवातीला साड्यांना मातीचे गोल गोल ठसे उठले. सांगानेरचा एक छपाईवाला माल घ्यायला घरी आला होता. वर बघून म्हणाला, "ये डिज़ाइन नया है क्या?"

बायकोनं साड्या बदलल्या नाहीत. म्हणाली, "नवे ठसे उठायचे बंद झाले की मला सांगा, मग धुवीन."

मला वाटतं होळीच्या थोडं आधी तिनं साड्या धुतल्या.

दर रविवारी साहेब शिट्टी घेऊन हजर. पूर्वी ऋतुजा त्यांच्याकडे रागानं बघायची. आता फेकली की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची. एकदा पूर्ण मॅचमध्ये तिच्या फेकीवर शिट्टीच वाजली नाही. मॅच संपल्यावर साहेबांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून तिच्या हातावर ठेवली. ती चिक्की तिनं खाल्ली नाही, कपाटात ठेवली. मुंग्या लागल्या, तेव्हा घरात जो गोंधळ झाला तो वेगळा किस्सा!

* * *

आणि मग आली निवडीची मॅच.

मालवीय नगरच्या पलीकडे एक मोठं मैदान आहे, तिथं. साहेब त्या दिवशी रेफ्री नव्हते, बाहेरून दुसरे आले होते. साहेब नुसते बघायला आले, डबा घेऊन मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभे राहिले. भंवरजींनी सकाळीच सांगितलं होतं, हुकरची जागा एकच आहे, आज जे होईल ते होईल.

समोर कोट्याची मुलगी. तिनं पहिली फेक केली, चेंडू थेट तिच्याच रांगेच्या छातीवर! मी शिट्टीची वाट बघितली. वाजली नाही. दुसरी फेक, तीच गत. नवे रेफ्री फार दयाळू होते! "चलने दो, चलने दो," म्हणून हात हलवत होते.

आणि आमची ऋतुजा? प्रत्येक फेक फटीच्या मधोमध. मधोमध म्हणजे दोघांना सारखी संधी, आणि समोरच्या मुली उंच. आमचे चेंडू त्याच पळवायला लागल्या! त्यांच्या वाकड्या फेकी त्यांना मिळतायत, आमच्या सरळ फेकीही त्यांनाच मिळतायत. वर्षाची मेहनत अशी डोळ्यांसमोर चालली होती.

मी साहेबांकडे बघितलं. ते समोर बघत होते. डबा तसाच हातात.

मॅच संपायला आली. आमचा शेवटचा लाइनआऊट, त्यांच्या गोलरेषेजवळ. ऋतुजानं चेंडू डोक्यावर धरला. मला राहवलं नाही. इथं मराठी कुणाला कळणार, असं म्हणून मी दोरीवरून अर्धा आत वाकलो आणि सगळ्या ताकदीनं ओरडलो,

"ऋतू, वाकडी टाक! आपल्या किरणकडे टाक! हा रेफ्री काही बघत नाही!"

ऋतुजा थांबली. चेंडू तसाच डोक्यावर. मान वळवून माझ्याकडे बघितलं. चिडली की तिला मराठी सुचत नाही. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली,

"पप्पा, टेढ़ी मुझे आती ही नहीं!"

आणि टाकली, नाकासमोर सरळ! किरणनं अशी उडी घेतली, की तिला उचलणाऱ्या दोघी टाचांवर उभ्या राहिल्या, आणि चेंडू तिच्या हातात.

माझ्या शेजारी मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ मघापासून चहा पीत उभे होते. ते निवड समितीचे आहेत हे मला नंतर कळलं. त्यांनी कप खाली केला आणि मला विचारलं,

"भाईसाहब, ये लड़की किसकी है?"

मी गजभिये साहेबांकडे बोट दाखवलं.

"इनकी."