शनिवारी थंड राहिलेली भट्टी

हिटी बॅस्कमने आयुष्यात कधी बंदूक उचलली नाही. पाइनहिलच्या चौकात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढाईतल्या वीरांचा दगड आहे, त्यावर तिचं नाव नाही. असतं तर तीच आधी हसली असती. तिच्या वाट्याला गाय, चरखा आणि सासू. त्यातही सासू जास्त.

सासू डॉर्कस. पाय गेलेले, जीभ शाबूत. तिचा नवरा इंग्लंडच्या राजाच्या फौजेत फ्रेंचांशी लढताना पडला होता, म्हणून चुलीशेजारच्या खाटेवरून ती रोज राजासाठी प्रार्थना करायची, तीही मोठ्याने. बाकी गाव राजाच्या नावाने बोटं मोडणारं. हिटीचा नवरा देवीच्या साथीत गेला आणि घरात या दोघीच उरल्या.

सतराशे पंचाहत्तर सालच्या वसंतातली गोष्ट. शनिवारी सकाळी सुतार एसाहेल प्राउटी धापा टाकत मागच्या दाराने आत आला. खांद्यावर पिंप. गावाजवळ होती नव्हती तेवढी बंदुकीची दारू त्यात होती.

"हिटी, राजाचे लालकोटवाले शिपाई पुलापाशी आलेत. घर न् घर तपासतायत. कुठं लपवू?"

हिटीने चुलीलगतच्या विटांच्या भट्टीचं लाकडी दार काढलं. "घाल इथं."

एसाहेलने पिंप आत सरकवलं आणि खाटेकडे बघत कुजबुजला, "म्हातारीचं काय?"

"पाय गेलेत माझे, कान नाही," डॉर्कस म्हणाली.

"काकू, तुम्ही सांगणार नाही ना?"

"मी खोटं बोलत नाही, एसाहेल. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं, म्हणूनच तो पांढराफटक पडून गेला. या गडबडीत वार कोणता आहे याचा मात्र दोघांनाही विसर पडला. शनिवारी सूर्य मावळला की प्रभूचा दिवस सुरू. मग कुणी चूल पेटवून रांधायचं नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी गावातली प्रत्येक भट्टी धगधगायची, आणि घेवड्याचं मडकं न् काळा पाव आत जायचा.

सार्जंट आला तोच नाक वर करून. शिपाई माळ्यावर चढले, तो चुलीशी येऊन चिलीम पेटवू लागला. बॉस्टनला दोन हिवाळे काढलेला माणूस होता.

"अख्ख्या गावात घेवड्याचा घमघमाट सुटलाय, बाई. तुमची भट्टी तेवढी थंड?"

सार्जंट चिलीम दातांत धरून भट्टीपुढे वाकला. चिलमीतला तंबाखू लाल झाला.

"ए," खाटेवरून आवाज आला. "ती चिलीम विझव आधी."

"आजी, मी राजाचा..."

"माझा नवरा राजासाठी मेला, आणि या घरात तोसुद्धा तंबाखू ओढायला अंगणात जायचा. विझव."

सार्जंटने चिलीम दगडावर आपटून विझवली. मग मवाळ सुरात म्हणाला, "म्हणजे तुम्ही आपल्यातल्या. तुम्हीच सांगा, भट्टी का नाही पेटली?"

हिटीने डोळे मिटले.

"का म्हणजे? काल संध्याकाळी घेवडा भिजत घालायचा सोडून ही बाई शेजारणींत चरखा घेऊन बसली, तुझ्या राजाला शिव्या घालत. बघ ते मडकं. कोरडं ठणठणीत. पीठ मळलं? नाही मळलं. विचार तिला. आणि उद्या मी काय खाऊ? हिचं तोंड?"

"खरं आहे का, बाई?" सार्जंटने भट्टीच्या दारावर हात ठेवत विचारलं.

"अक्षर न् अक्षर," हिटी म्हणाली, आणि खोटं त्यात काहीच नव्हतं.

"उघड ना ती भट्टी," म्हातारी थांबेना. "उघड, आणि आत खाण्याजोगं काही सापडलं तर मला दे. एक तर अशी सून, वर तुम्ही चिखलाचे पाय घेऊन घरात. तुझ्या आईने तुला पाय पुसायला..."

सार्जंटचा हात दारावरून खाली आला. माळ्यावरचे शिपाई हसत होते. "चला रे," तो म्हणाला, आणि जाताना हिटीला हळूच, "देव तुम्हाला बळ देवो."

पावलं पुलापलीकडे गेली तशी हिटी भिंतीला टेकून खाली बसली. आधी रडू आलं, मग हसू, मग दोन्ही एकदम.

"आई, तुम्ही... राजासाठी रोज प्रार्थना करता ना?"

"आजही करणार. त्याला सुबुद्धी दे म्हणून." डॉर्कसने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "त्याने मला कधी उचलून उन्हात नेलंय? तू नेतेस. तुला धरून नेलं असतं म्हणजे मी काय करणार होते?"

हिटी उठून खाटेवर बसली. म्हातारीला तिने असं घट्ट धरलं, की डॉर्कस करवादली, "हाडं मोडशील. दार उघड, मला उन्हात ने."

हिटीने तिला उचललं. अंगणात ऊन छान तापलं होतं, आणि कुंपणापलीकडून एसाहेलची बायको घेवड्याचं वाफाळतं मडकं घेऊन येत होती.