गादीची परवानगी

आमच्या भैरवनाथाच्या सभामंडपात डाव्या खांबाला लागून एक गादी असायची. पांढरी खोळ, मागे लोड, पुढे पितळेचं तबक. तिच्यावर कुणी बसत नसे. ती सरकारांची गादी, म्हणजे एके काळी या मुलखावर ज्यांचा अंमल होता त्या घराण्याची. देवळाची जमीन त्यांनी दिलेली, म्हणून संध्याकाळची आरती त्यांना विचारल्याशिवाय करायची नाही, असा रिवाज. पुढे अंमल गेला, घराणं पुण्याला राहायला गेलं, गढीच्या जागेवर कांद्याच्या चाळी उभ्या राहिल्या. रिवाज मात्र चालू राहिला. गुरवाने दिवेलागणीला तबकात विडा ठेवायचा, गादीपुढे हात जोडून विचारायचं, "सरकार, आरती करू का?" श्वासभर थांबायचं आणि मग घंटा वाजवायची.

मी कर्जतकडची. लग्न होऊन या गुरवाच्या घरात आले आणि पहिल्याच संध्याकाळी सासऱ्यांना रिकाम्या गादीशी बोलताना पाहून मला हसू फुटलं. सासरे असे भडकले की बस. "हसतीस काय? बाप परगावी गेला म्हून त्याला न इचारता घर चालवत्यात व्हय?" त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं. पटलं होतं असं मात्र नाही.

मग सासरे गेले, काही वर्षांनी नवरा गेला. मुलगा चाकणला कंपनीत लागला आणि त्याचा संसार तिकडेच मांडला गेला. देवळाची सेवा माझ्याकडे आली. बाईमाणसाने पूजा करावी का, यावर चार दिवस गावात कुजबुज झाली. पण पहाटे उठून देवाला पाणी घालायला दुसरं कुणी पुढे येईना, तेव्हा तोंडं आपोआप मिटली.

गावात मला राजनिष्ठ म्हणायचे. म्हणोत बापडे. राजा काही मी पाहिलेला नाही, आणि या गावात त्या राज्याबद्दल जे ऐकलं ते सगळंच काही चांगलं नाही. वेठीला धरून नेलेल्या माणसांच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. पण दिवसभरात माझ्याशी बोलायला होतं कोण? देवाला काही विचारायची सोय नाही, तो सगळं आधीच जाणून असतो. त्याच्यापुढे नुसतं मागायचं. गादीला मात्र विचारता यायचं. आरती करू का, हे झालं की मी हळूच पुढचंही विचारायचे. गुडघ्यात सुई घेऊ का? पोराला आज फोन करू, की कामात असेल? श्वासभराचं ते थांबणं असं लांबत गेलं. मागे लोक घंटेची वाट पाहत ताटकळायचे आणि म्हणायचे, काकू लई भाविक. भाविक कसली डोंबलाची, मी तिथे गप्पा मारत होते. दिवसातली तेवढीच वेळ मला एकटं वाटायचं नाही.

मग निवडणूक झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच भावकीच्या हातात असलेली ग्रामपंचायत उलटली. ही भावकी सरकारांच्या जुन्या कारभाऱ्यांची. त्यांच्या नाकावर टिच्चून तरण्या पोरांचं पॅनल निवडून आलं आणि दूध डेअरी चालवणारी एक सून सरपंच झाली. पालखीला खांदा द्यायचा मान ठरावीक घरांचा होता, तो तिने पहिल्याच यात्रेत मोडीत काढला. ज्यांच्या आज्यापणज्यांना पायरीखालूनच नारळ द्यावा लागायचा, त्यांची पोरं त्या वर्षी पालखीखाली होती. मला मनापासून आनंद झाला. त्यांच्या कपाळाला गुलाल मीच लावला. एक म्हातारी सवयीने पायरीशीच थबकली होती, तिला मी हाताला धरून आत आणलं.

त्यानंतर सरपंचाची नजर गादीकडे वळली.

"काकू, ह्यो देश आता कुनाच्या गादीवर चालतो का?" ती म्हणाली. "देवाम्होरं समदे एका सतरंजीवर बसत्याल. ही उचलायची. ग्रामसभेत ठेवते मी इषय."

तिचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. शेवटी मी कारभाऱ्यांच्या घरून नंबर मिळवून थेट पुण्याला फोन लावला. घराण्याचे आताचे वारस, धाकटे सरकार, फोनवर फार मऊ बोलले, ग्रामसभेला येतो म्हणाले. मी हरखून गेले. आता गादीचा धनीच येतोय, मग कुणाची काय बिशाद! खोळ नीळ घालून धुतली, कापूस पिंजून घेतला.

सभा देवळातच होती. सरकार साध्या शर्टपँटीत आले. मी गादीकडे हात करून म्हणाले, "बसावं, सरकार." ते लाजले आणि सतरंजीवर, पालखीला खांदा दिलेल्या पोरांच्या शेजारी मांडी घालून बसले. मग हलकेच मला म्हणाले, "काकू, या गादीचं तुम्ही नेमकं करता काय?"

मी सांगितलं. सगळं नाही, आरतीपुरतंच.

ते गादीकडे पाहत राहिले. "रोज विचारता? आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही, काकू. मी आज पहिल्यांदाच ऐकतोय."

इतकी वर्षं ज्यांना विचारत होतो, त्यांना कुणी आपल्याला विचारतंय याचा पत्ताच नव्हता. मला राग आला. त्यांचा आला, सासऱ्यांचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

पुढे ते उभे राहून बोलले. आमच्या पूर्वजांनी इथे चांगलं केलं असेल, वाईटही केलं आहे, गादी उचललीत तर मला बरंच वाटेल, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. ठरावाच्या बाजूने सगळे हात वर झाले, त्यात त्यांचाही होता. "इरोधात कोन?" सरपंचाने विचारलं. मी हात वर केला. लोक हसले. वाईट मनाने नाही, घरातल्या म्हातारीच्या हट्टाला हसावं तसे.

गादीची घडी सरकारांनी स्वतः घातली, दुसरं टोक सरपंचाने धरलं. निघताना ते माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "मला सरकार म्हणू नका." मग काय म्हणायचं, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

दिवेलागण झाली. मी निरांजन घेऊन उभी राहिले आणि सवयीने खांबाकडे वळले. तिथे नुसती फरशी होती. मागे पोरं, म्हाताऱ्या, सगळे घंटेसाठी थांबलेले. सरपंच पुढे आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोर मायाळू आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात आजही काही नाही.

"करा की आरती, काकू," ती म्हणाली. "आता तुमाला कुनालाबी इचारायची गरज न्हाई."

मला मोकळं करायलाच तिने ते म्हटलं होतं.

"व्हय," मी म्हणाले, "आता कुनीच न्हाई इचारायला." आणि घंटा वाजवली.